तालुक्याच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे तर: प्रवेशाच्या दिवसांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की स्टाफरूमच्या दाराशी मुलं आणि त्यांचे पालक येऊन थांबतात. प्रश्न साधारण तेच असतात. आमचं कॉलेज नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यातलं, अनुदानित, तालुक्याच्या गावचं. राज्यशास्त्र मी शिकवते, आणि तिसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपरही माझ्याकडेच असतो. तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून यंदा उत्तरं लिहून काढली आहेत.

मॅडम, तुमच्याकडे 'इंटरनॅशनल स्टडीज' नावाची पदवी मिळते का?

नाही. आमच्याकडे बी.ए. होतं, मेजर म्हणजे मुख्य विषय राज्यशास्त्र. गुणपत्रिकेवर 'आंतरराष्ट्रीय संबंध', 'भारताचे परराष्ट्र धोरण' अशी पेपरची नावं दिसतील, पदवीचं नाव मात्र बी.ए.च राहील. या विषयाच्या नावानेच पदवी हवी असेल तर ती बहुतेक ठिकाणी एम.ए.ला मिळते, आणि तिथे प्रवेशासाठी कुठल्याही शाखेची पदवी बऱ्याचदा चालते. तेव्हा नावासाठी आत्ताच घर सोडायची घाई नको. खाजगी विद्यापीठांच्या जाहिरातींत हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. फी कुठल्या अक्षरांत छापली आहे तेही बघून घ्या.

मग पुण्या-मुंबईला का जाऊ नये?

जायची ऐपत आणि इच्छा असेल तर जा, मी अडवणार नाही. पुण्यात तुम्हाला रानडे इन्स्टिट्यूटमधले परदेशी भाषांचे वर्ग मिळतील, व्याख्यानं मिळतील, चांगली ग्रंथालयं मिळतील. आमच्याकडे यातलं काही नाही. आंतरराष्ट्रीय संबंधांवरची आमच्या ग्रंथालयातली पुस्तकं एका कपाटात मावतात. भिंतीवरच्या नकाशात युगोस्लाव्हिया अजून शाबूत आहे आणि दक्षिण सुदानचा पत्ता नाही. नवा नकाशा आला तेव्हा जुना काढू दिला नाही, दोन्ही शेजारी लावले. पहिल्या तासाला मुलांना फरक शोधायला लावते, तास कसा संपतो ते कळत नाही.

इथे मिळतं ते एवढंच: तिसऱ्या वर्षाला वर्गात बारा-पंधरा जण उरतात. प्रत्येकाची वही मी स्वतः वाचते. कोण पाठ करून लिहितं आणि कोण विचार करून, हे मला नावानिशी माहीत असतं. पुढे शिफारसपत्र लिहायची वेळ येते तेव्हा ही ओळख कामाला येते.

तालुक्यात बसून जगाचं काय कळणार?

हा प्रश्न बहुधा आत्या-मामा विचारतात, मुलं नुसती मान खाली घालतात. याचं उत्तर जरा सविस्तर देते.

काही वर्षांपूर्वी एका मुलाने वर्गात चार घड्या घातलेला कागद आणला. वडिलांच्या बागेचा रेसिड्यू रिपोर्ट. निर्यातीच्या द्राक्षाची प्रयोगशाळेत तपासणी होते, त्याचा. कागदावर औषधांच्या नावांची लांबलचक यादी, पुढे किती अंश सापडला तो आकडा, आणि शेवटच्या रकान्यात 'एमआरएल', म्हणजे जास्तीत जास्त किती चालेल ती मर्यादा. बऱ्याच ओळींपुढे एकच आकडा होता: ०.०१. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. त्याने विचारलं, "मॅडम, हा आकडा ठरवला कोणी? आमच्या बागेत येऊन तर कोणी बघितलं नाही."

त्या कागदावर आम्ही तीन तास घालवले. ज्या औषधासाठी युरोपीय संघाने वेगळी मर्यादा ठरवलेली नसते, तिथे हा आकडा आपोआप लागू होतो. म्हणजे ब्रसेल्समध्ये झालेला नियम दिंडोरीतल्या फवारणीचं वेळापत्रक ठरवतो. मग सार्वभौमत्व म्हणजे नेमकं काय उरलं? जागतिक व्यापार संघटनेचा अन्नसुरक्षेबाबतचा करार १९९५ पासून आहे. त्यानुसार देशाला आपल्या लोकांच्या आरोग्यासाठी कडक नियम करता येतात, पण त्याला शास्त्रीय आधार लागतो. आधार पुरेसा आहे की नाही, यावर भांडायला कोण जातं? शेतकरी जात नाही, सरकार जातं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला लिहोसिन म्हणतात त्या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. त्या मुलाच्या वडिलांना ते वर्ष तारखांसकट पाठ होतं. पाठ्यपुस्तकातलं 'परस्परावलंबन' हे प्रकरण आमच्या वर्गाला पुन्हा शिकवावं लागलं नाही.

कांद्याचंही तेच. २०१९ च्या सप्टेंबरअखेर भारताने निर्यात बंद केली. त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आता स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय, असं त्या हसत हसत हिंदीतून बोलून गेल्या. सगळे हसले. पण शेजाऱ्याला आयत्या वेळी तोंडघशी पाडलं की पुढच्या वाटाघाटीत त्याची किंमत मोजावी लागते. २०२३ मध्ये ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क आणि डिसेंबरात थेट बंदी आली, तेव्हा आपल्याकडे लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, तीही शुल्क आणि किमान निर्यातमूल्य लावून. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा, शेतकऱ्याच्या पदरात भाव पडावा आणि ढाक्याचा विश्वास टिकावा, या तिन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. परराष्ट्र धोरण देशाच्या आतूनच सुरू होतं, हे मला पुस्तकातून जितकं कळलं नाही तितकं बाजार समितीच्या बंद फाटकासमोर उभं राहून कळलं.

दर वर्षी आम्ही वर्गात एक बैठक भरवतो. एक गट दिल्ली, एक ढाका, एक लासलगाव. दिल्लीवाला गट नेहमी सगळ्यात आधी चिडतो.

हे सगळं राज्यशास्त्रच ना? की इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र?

सगळ्यांची खिचडी आहे, आणि ती तशीच चांगली लागते.

मेजर राज्यशास्त्र घेतलं तर मायनर, म्हणजे दुय्यम विषय, काय घ्यावा?

जमत असेल तर अर्थशास्त्र. आकड्यांची भीती वाटते म्हणून मुलं टाळतात आणि एम.ए.ला गेल्यावर पस्तावतात. चालू खात्यावरची तूट म्हणजे काय हे माहीत नसेल तर श्रीलंकेत २०२२ मध्ये आर्थिक संकट का आलं ते समजत नाही, नुसती बातमी समजते. अर्थशास्त्र नकोच असेल तर इतिहास घ्या. 'सोपं जातं' या एका कारणासाठी कुठलाही विषय घेऊ नका. ओपन इलेक्टिव्ह मात्र खुशाल आवडीचं घ्या.

माझं इंग्रजी कच्चं आहे. झेपेल का?

मीसुद्धा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. एम.ए.च्या पहिल्या चर्चासत्रात 'देतांत' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला, आणि उच्चारला 'डिटेन्टे'. शीतयुद्धातला ताण सैल होण्याचा तो काळ. मला अर्थ पाठ होता, सालं पाठ होती, उच्चार कधी ऐकलेलाच नव्हता. कोणी हसलं नाही, पण सरांनी पुढच्याच वाक्यात तो शब्द हळूच नीट म्हटला, आणि माझे कान तापले. तुमच्यावरही अशी वेळ येईल. त्याने कोणी मरत नाही.

तुम्ही परीक्षा मराठीतून देऊ शकता, मी मराठीतूनच शिकवते. सत्तासमतोल, अलिप्ततावाद, राष्ट्रहित, सामूहिक सुरक्षितता हे शब्द मराठीत पक्के रुजलेले आहेत. (एका पुस्तकात 'सत्तासमतोल' आणि दुसऱ्यात 'सत्तासंतुलन' दिसलं तर घाबरू नका, एकच आहे.) मराठी विश्वकोशातल्या नोंदी सुरुवातीला फार उपयोगी पडतात आणि फुकट वाचता येतात. पण वाचन फक्त मराठीतून भागणार नाही, हे आत्ताच सांगते. करारांचे मसुदे, संयुक्त राष्ट्रांतली भाषणं, चांगले लेख, सगळं इंग्रजीत आहे.

त्यासाठी मी पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना एकच काम देते. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून आठवड्याला एक निवेदन घ्यायचं, अर्ध्या पानाचं असलं तरी चालेल. त्याचं मराठी करायचं. भाषांतर करताना एकेक शब्द अडतो आणि तिथेच विषय सुरू होतो. 'कन्सर्न' (चिंता) आणि 'डीप कन्सर्न' (तीव्र चिंता) यांत फरक आहे. 'डिप्लोअर' (तीव्र नापसंती) त्याच्या वरचं, 'कंडेम' (निषेध) त्याहून वरचं. या पायऱ्या आहेत, आणि देश कुठल्या पायरीवर थांबला यावर दिवसभर खल झालेला असतो. २ मार्च २०२२ ला युक्रेनवरच्या रशियाच्या आक्रमणाविरुद्धच्या ठरावावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झालं: १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. भारत तटस्थ होता. त्यानंतर भारताने दिलेलं स्पष्टीकरण माझ्या वर्गात चार जणांनी चार तऱ्हांनी मराठीत आणलं. सगळ्यात जास्त वाद झाला तो 'रिस्पेक्ट फॉर सॉव्हरिन्टी' यातल्या 'रिस्पेक्ट'ला आदर म्हणायचं की मान राखणं, यावर. असं वर्षभर केलं की इंग्रजी आपोआप अंगवळणी पडतं. बोलायला वेळ लागतो, लागू द्या.

परदेशी भाषा शिकलीच पाहिजे का?

पदवीसाठी सक्ती नाही. पण शिकलात तर पुढे शंभर अर्जांत तुमचा अर्ज वेगळा दिसेल. कुठली ते नीट ठरवा. जपानीची जेएलपीटी परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरात होते, पुण्यात केंद्र असतं. एन-५ पासून सुरुवात करून वर चढत जायचं. जर्मन-फ्रेंच शिकणारे पुष्कळ आहेत. बांगला, नेपाळी, सिंहली, बर्मी या शेजाऱ्यांच्या भाषा कोणी शिकत नाही, आणि मला हे न उलगडलेलं कोडं आहे. बांगलादेश आपला कांदा घेतो आणि त्यांचं वर्तमानपत्र वाचू शकेल असा माणूस तालुक्यात सापडत नाही.

नोकरी काय लागेल? (वडिलांचा प्रश्न)

काका, सरळ सांगते. नुसत्या बी.ए.वर 'आंतरराष्ट्रीय' अशी पाटी असलेली नोकरी लागत नाही. ही पदवी इंजिनिअरिंगसारखी हातात साधन देत नाही. वाचायची, लिहायची, दोन्ही बाजू ऐकून मत मांडायची सवय देते, आणि त्या सवयीला बाजारात भाव मिळायला चार-पाच वर्षं जातात.

तरी मुलं कुठे गेली ते सांगते. बरीच स्पर्धा परीक्षांकडे वळली. त्यातली काही निघाली, बहुतेक परत येऊन दुसरं काही करू लागली. एक जण पत्रकारितेत आहे. दोघी शिक्षिका झाल्या. एक मुलगी पॅकहाउसमध्ये, म्हणजे द्राक्षं निवडून पॅक करतात तिथे, निर्यातीची कागदपत्रं बघते. इनव्हॉइस, फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती), सगळं तिच्या हातून जातं. ०८०६१० हा ताज्या द्राक्षांचा एचएस कोड, म्हणजे जगभरच्या सीमाशुल्कात चालणारा मालाचा क्रमांक, ती झोपेतही सांगेल. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडं चढलं. मालकांना हे का होतंय, किती दिवस चालेल, हे समजावून सांगणारी तिथे ती एकटीच होती. पगार काही डोळे दिपवणारा नाही. पण मालक आता कंटेनर लावण्याआधी तिला विचारतात.

आणखी एक वाट फारशी कोणाला ठाऊक नसते. एसएससीच्या (दहावी नव्हे, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी म्हणून जाता येतं. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. राजदूत होण्याइतका रुबाब नाही, पण काम त्याच इमारतीत आणि परदेशी नेमणुकीचीही संधी.

आयएफएस व्हायचंय. त्यासाठी हीच पदवी लागते का?

नाही. भारतीय परराष्ट्र सेवेत यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतूनच जातात आणि तिथे कुठलीही पदवी चालते. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी माझ्या नावाने बोटं मोडणार नाही.

या अभ्यासाचा उपयोग होतो तो असा: 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय आहे, अडीचशे-अडीचशे गुणांचे दोन पेपर, आणि दुसरा पेपर जवळजवळ हाच विषय. सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरमध्येही त्याचा भाग असतो. मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीतून देता येते. प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी-हिंदीतच येते, त्यामुळे वर जे इंग्रजीचं रामायण सांगितलं ते टळत नाही.

उदाहरण हवंच असेल तर ज्ञानेश्वर मुळे यांचं घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाट गावचे. १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत गेले, मालदीवमध्ये उच्चायुक्त झाले, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत होते, परराष्ट्र मंत्रालयात सचिव म्हणून निवृत्त झाले. पण त्यांच्याकडे बोट दाखवून मी कोणाला स्वप्नं विकत नाही. परराष्ट्र सेवेच्या जागा फार थोड्या असतात आणि अर्ज लाखोंनी येतात. दुसरी वाट तयार ठेवून या वाटेला लागा.

एम.ए. कुठे करावं?

माझी यादी, माझ्या पसंतीच्या क्रमाने नव्हे. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं (जेएनयू) स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज. ही संस्था १९५५ ची, १९७० मध्ये जेएनयूत विलीन झाली. दिल्लीतच साउथ एशियन युनिव्हर्सिटी, जिथे शेजारी देशांतली मुलं तुमच्याच बाकावर बसतात. कोलकात्यात जादवपूर, वडोदऱ्याजवळ गुजरात केंद्रीय विद्यापीठ. जवळ हवं तर गोवा विद्यापीठात या विषयाचं स्वतंत्र स्कूल आहे. मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व राजकारण विभाग आहे, आणि पुण्यात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग, ज्याकडे आपल्या मुलांचं उगाच दुर्लक्ष होतं.

केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्याचा अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतो आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आपल्याकडे मुलं 'निकाल लागू दे, मग बघू' म्हणतात, आणि निकाल लागतो तेव्हा दारं बंद झालेली असतात. दर वर्षी जूनमध्ये एक तरी हुशार मूल माझ्यासमोर रडतं. गेल्या वर्षीपासून जानेवारीत मीच संगणक कक्षात सगळ्यांना बसवून फॉर्म भरून घेते. अर्जाचं शुल्क भरता येत नसेल तर स्टाफरूममध्ये येऊन सांगा, मार्ग निघतो.

खर्च किती?

इथली फी तुमच्या आवाक्यातली आहे. शिवाय महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज केला तर प्रवर्ग आणि उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी मिळते. उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढा, ऑगस्टात सेतूपुढे रांग लागते. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते तपासा, अर्ध्या मुलांचे पैसे तिथेच अडकतात.

पुढे दिल्लीत सरकारी विद्यापीठात शिक्षण शुल्क कमी असतं. खरा खर्च मेसचा, आणि वसतिगृह मिळेपर्यंत भाड्याच्या खोलीचा. ते पहिले दोन-तीन महिने काढण्यापुरते पैसे बाजूला ठेवा.

परदेशात शिकायला जाता येईल का?

येईल, घाई नको. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. युरोपातली इरॅस्मस मुंडस आहे, ती दोन-तीन देशांत फिरवून एम.ए. करवते. ब्रिटनच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे पदवी हातात पडल्या पडल्या अर्ज करून उपयोग नाही. एजंटाला पैसे देऊ नका. या सगळ्यांचे अर्ज स्वतः भरायचे असतात, आणि सगळ्यात अवघड असतो तो 'तुम्ही हे का शिकू इच्छिता' हा निबंध. रेसिड्यू रिपोर्टवाल्या मुलाने त्यात काय लिहिलं ते मला माहीत आहे, पण ते त्याचं आहे.

मुलीला दिल्लीला एकटीला कसं पाठवायचं?

ताई, हा प्रश्न मुलाच्या आईने मला आजवर विचारलेला नाही. तरी तुमची काळजी खरी आहे, तिला हसण्यावारी नेत नाही. आधी आपल्याच भागातली एखादी मुलगी तिथे आहे का ते मी शोधून देते, तिच्याशी फोनवर बोला. पहिल्या खेपेला सोबत जा, वसतिगृह डोळ्यांनी बघा. माझी आई आली होती. मंगला एक्सप्रेसमध्ये रात्रभर जागी राहिली आणि परतीच्या प्रवासात म्हणे गाढ झोपली.

वर्गात पक्षाचं राजकारण चालतं का?

मतं चालतात. घोषणा बाहेर.

हंगामात हजेरीचं काय? घरी माणूस लागतो.

पंचाहत्तर टक्के हजेरी हवीच, त्यात मी काही करू शकत नाही. पण ऑक्टोबर छाटणी आणि काढणीच्या दिवसांत पहिला तास आम्ही सकाळी सव्वासातला घेतो, म्हणजे साडेआठपर्यंत बागेत पोचता येतं. हातापायांना चिकट लागलेलं असलं तरी या. वह्या खराब होतात, म्हणून मागच्या खिडकीत पाण्याची बादली आणि टॉवेल ठेवलेला असतो.